मालमत्ता कराच्या बिलातले पैसे नेमके कुठे जातात?

दादरपश्चिम: सोसायटीला मुंबई महापालिकेचं मालमत्ता कराचं सहामाही बिल आलंय. त्यात सात-आठ रकाने आहेत आणि पाणीपट्टीचं बिल वेगळंच. हे दोनदा घेतात का?

करआकडे: नाही. सर्वसाधारण करातून कचरा उचलणे, दिवाबत्ती, दवाखाने, अग्निशमन यांचा खर्च चालतो. पथकर (टोल नव्हे, रस्त्यांसाठीचा कर) आणि वृक्ष उपकर नावाप्रमाणे खर्च होतात. पण राज्य शिक्षण उपकर पालिका फक्त गोळा करते, तो सरकारजमा होतो. मीटर असेल तर पाणी वापराप्रमाणे, आणि मलनिःसारण आकार पाणी आकाराच्या ७० टक्के, त्याच पाण्याच्या बिलात. म्हणून गळकी टाकी दोन्हीकडून महाग पडते. आधी बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप, तपासा.

खजिनदार_मुलुंड: रक्कम जास्त वाटली तर चटईक्षेत्र पाहा. २०१० पासून कर भांडवली मूल्यावर आहे: रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर, वापर, बांधकामाचा प्रकार, वय, मजला आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. एखाद्या घराची नोंद दुकान म्हणून राहिली की आकडा फुगतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. त्यामुळे सोसायटीने बिल सगळ्यांत समान वाटू नये, माफीवाल्या सभासदावर ते सरळ अन्याय आहे. पाण्याचं बिल मात्र नळांच्या संख्येवर आणि मापावर वाटायचं.

करआकडे: बरोबर. आणि हरकत घेतली म्हणून भरणा थांबवू नका, थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढतो. जकात २०१७ मध्ये गेल्यापासून पालिकेच्या हातातलं हे फार मोठं उत्पन्न आहे, ते वेळेवर यायलाच हवं.