ऑपरेशननंतर साखर का चढते?

प्रश्न (कोथरूड, पुणे): मधुमेह नाही, तरी गर्भाशय काढल्यावर आईची साखर १९०. पाठीतल्या भुलीने फरक पडला असता का?

उत्तर: चिरा पडताच नसा मेंदूला खबर देतात; कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, इन्सुलिन दबतं, म्हणून साखर चढते. झोपेची भूल नेहमीच्या मात्रेत हे थांबवत नाही. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल, तर त्यानेही चढते. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) मात्र करूनच घ्या.

उत्तर: हो, पडतो. एपिड्युरल (पाठीतली भूल) चिऱ्याआधीच टी४ ते एस५, म्हणजे छातीपासून खालच्या सगळ्या नसांवर पसरली, तर ओटीपोटाच्या ऑपरेशनात कॉर्टिसॉल आणि साखर दोन्ही आटोक्यात राहतात. उशिरा दिली की उपयोग कमी. पोटाच्या वरच्या भागात व्हेगस (मेंदूतून थेट पोटात येणारी नस) मोकळीच राहते, तिथे परिणाम अर्धवट.

उत्तर: महिनाभर रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) घेणाऱ्यांनी भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं! अ‍ॅड्रिनल ग्रंथी (कॉर्टिसॉल बनवणारी) मंदावलेली असू शकते, रक्तदाब कोसळू शकतो. मोठ्या ऑपरेशनात भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं औषध) १०० मिलिग्रॅम शिरेतून, पुढे २४ तासांत २००. एटोमिडेट हे भुलीचं औषध शक्यतो नकोच, ते कॉर्टिसॉल तयार होणंच रोखतं.