मुंबई–न्यूअर्क विमानप्रवास: तिकिटावरच्या वेळा आणि खरे तास

सप्रेम नमस्कार,

माझे आई-बाबा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून थेट इथे अमेरिकेत न्यूअर्कला येत आहेत. तिकिटावर रात्री 1 वाजता निघून त्याच दिवशी सकाळी 6:15 ला पोहोचणे छापले आहे. जानेवारीतल्या परतीच्या तिकिटावर मात्र रात्री 8:30 ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री 9 ला पोहोचणे आहे. "येताना सव्वापाच तास आणि परतताना साडेचोवीस, हे कसे?" असे बाबा रोज फोनवर विचारतात. त्यांना मधुमेह असल्याने खाण्याच्या वेळा ठरवायला खरे तास कळायला हवेत. जाणकारांनी कृपया लिहावे.

*

प्रिय ताई,

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपले घड्याळ तासभर मागे जाते आणि तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत मुंबई आपल्यापेक्षा साडेदहा तास पुढे असते. येतानाच्या सव्वापाच तासांत ते मिळवले की पावणेसोळा तास होतात. परतीच्या साडेचोवीसांतून वजा केले की चौदा उरतात.

मधला पावणेदोन तासांचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. विमाने उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, आणि हिवाळ्यात तो फार जोरात असतो. परतताना तो पाठीशी असतो, येताना समोरून भिडतो.

सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. ही सरळ रेषा सपाट नकाशावर दिसत नाही, म्हणून मी काल घरातल्या 30 सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. तो सिंधवरून कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तानात शिरला, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने स्वीडन आणि आइसलँड ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला टेकला आणि तिथून खाली न्यूअर्कला उतरला. मोजला तर जेमतेम साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. प्रत्यक्षात विमानाला एवढा सरळ मार्ग क्वचितच मिळतो: रशियाने 2022 मध्ये अमेरिकी विमानांना, तर पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. मुंबईहून अरबी समुद्रावरून वळता येते, त्यामुळे दिल्लीच्या मानाने हा वळसा लहान पडतो.

बाबांना हातातले घड्याळ उतरेपर्यंत मुंबईच्याच वेळेवर ठेवायला सांगा. उतरताना त्यात दुपारचे पावणेपाच वाजलेले असतील. हे तास एका कागदावर मांडून तो डॉक्टरांना दाखवा आणि इन्सुलिनच्या, गोळ्यांच्या आणि खाण्याच्या वेळा त्यावर लिहून घ्या.

*

काका,

आपले पत्र फोनवर वाचून दाखवले. बाबांनी दोन्ही हिशेब स्वतः कागदावर मांडले, आणि ग्रीनलंड दिसावे म्हणून उजव्या बाजूची खिडकी मागायची का, एवढेच विचारायला सांगितले आहे.

*

ताई, मार्ग त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतो आणि तिकिटाच्या वेळा पाहता तिथून जाताना अंधारच असेल, त्यामुळे ग्रीनलंड दिसण्याची फारशी आशा धरू नये. पण दोऱ्याच्या जवळून विमान गेले तर ग्रीनलंड उजवीकडेच येईल. खिडकी मागायचीच तर त्या बाजूची मागावी.