आईची पेन्शन आणि हयातीचा दाखला

बी-३०४: आईचा हयातीचा दाखला होत नाहीये. तीनदा जाऊन आलो, अंगठाच उठत नाही. गिरगावातल्या छापखान्यात बायंडिंग करत आयुष्य गेलं, रेषा कुठून उरणार? कुणाला काही उपाय माहीत आहे?

ए-१०२: अरे, आता परत जाऊ नकोस. मोबाईलवर चेहऱ्यानं होतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप टाक, पीपीओ म्हणजे पेन्शन ऑर्डरचा नंबर काढून ठेव. वहिनींना खिडकीपाशी उजेडात बसव. संध्याकाळी मी येतोच. आणि घाबरू नकोस, ईपीएसला, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनला, नोव्हेंबरचीच सक्ती नाही. दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

बी-३०४: थँक्यू काका. एवढी धावपळ १,४८६ रुपयांसाठी. २०१२ला रिटायर झाली तेव्हा एवढीच होती, आजही एवढीच.

डी-६०१: बाई गं! काही चूक तर नाही ना?

ए-१०२: चूक नाही ताई, हिशोबच तसा आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. तेव्हा पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा ६,५००, वहिनींची नोकरी १६ वर्षं. करून बघा. २०१४ला मर्यादा १५,००० झाली आणि किमान पेन्शन १,००० ठरली. त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी त्या हजाराचे हजारच. मी रेल्वेतला. मला जानेवारी-जुलैला महागाई भत्ता वाढतो, ऐंशी झाले की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा. वहिनींना महागाई भत्ता नाहीच. बाजारात मात्र आम्हा दोघांना भाव एकच. फार खटकतं मला हे.

सी-२०५: काका, राग मानू नका. पण सरकारनं कुणाकुणाला पुरायचं? पेन्शन फंडातही तूट आहे म्हणतात. खासगी नोकरीत ज्याचं त्यानं साठवायला हवं.

बी-३०४: साठवलं होतं तिनं. माझ्या डिप्लोमाच्या फीला गेलं.

ए-१०२: राग कसला. पण हा काही फुकटचा पैसा नाही रे. मालकाच्या पीएफच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के दर महिन्याला पेन्शनमध्ये जातात, सरकारचे १.१६ टक्के. तूट असेल तर सरकारनं आपला हिस्सा वाढवावा. पेन्शन म्हणजे मेहेरबानी नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर १९८२च्या नाकरा निकालात सांगितलंय. निकाल सरकारी पेन्शनरांचा होता, मान्य. पण वहिनींचे कष्ट काय वेगळे होते? तुझंच बघ, १५,०००च्या मर्यादेवर ३० वर्षं भरलीस तरी सात हजारांच्या आतच बसेल.

सी-२०५: सात हजार? ३० वर्षांनी? हे माहीत नव्हतं.

डी-६०१: मग ईपीएस पेन्शनरांची मागणी नक्की काय आहे?

ए-१०२: किमान ७,५००, त्यावर महागाई भत्ता, आणि नवरा-बायको दोघांना मोफत उपचार. खासदारांसाठी पत्र लिहून ठेवलंय. अधिवेशनाआधी पोचायला हवं. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो, सह्या करा.

सी-२०५: टाईप मी करून देतो काका. हिशोबही त्यात घालू.

बी-३०४: दाखला झाला! तिसऱ्यांदा चेहरा घेतला. आई विचारतेय, पत्रावर तिनं अंगठा दिला तर चालेल का? सही करताना हात थरथरतो.

ए-१०२: चालेल तर काय! पहिला वहिनींचाच घेऊ.