"आधी एसी बंद करा" म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

ऐरोलीकर_८:
काल इथेच एका भाऊंनी लिहिलं, "डेटा सेंटरमुळे वीज जाते म्हणून रडणाऱ्यांनी आधी आपला एसी बंद करावा, मग मोबाइल." त्यावर टाळ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, जमलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे, नवी मुंबईतल्या ऐरोलीत, सलग तीन रात्री वीज नव्हती. आई ऐंशीची, नेब्युलायझर लागतो. गच्चीवर गेलो तर महापेच्या बाजूला डेटा सेंटरची, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेली, बिनखिडक्यांची इमारत लखलखत होती. मला कुणाचा धंदा बंद पाडायचा नाही. समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही मंडळी इथेच येणार. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात त्यांना सवलतीही मिळाल्या. पण ५० मेगावॉटचं एक सेंटर पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला १२ लाख युनिट खातं. महिन्याला २०० युनिट वापरणारी १ लाख ८० हजार घरं! मग इथल्या शाळांच्या, दवाखान्यांच्या, सोसायट्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला त्यांनी पैसे टाकले तर काय बिघडलं? लांबच्या माळावरची सौर वीज कागदावर घ्यायची, दारात "हरित" अशी पाटी लावायची आणि डिझेलचा धूर आम्हाला?

सर्व्हरवाला:
तो भाऊ मीच. १४ वर्षं रबाळ्यात डेटा सेंटरमध्ये नोकरी करतोय. मंजूर भार ५० म्हणजे वापर ५० नव्हे, नव्या सेंटरचे निम्मे हॉल रिकामे असतात. जनरेटर एरवी चाचणीपुरताच चालतो. आणि उद्योग चढा दर भरतात, त्या क्रॉस सबसिडीवरच तुमचं घरगुती बिल आटोक्यात आहे. वर अख्ख्या ऐरोलीच्या गच्च्या भरल्यात तरी एका सेंटरची रात्र निघणार नाही. रात्री ऊन नसतं, साहेब.

ऐरोलीकर_८:
साठ टक्के धरा. १ लाख ८ हजार घरं. झालं समाधान? आणि गच्चीवरची वीज सेंटरला द्या असं म्हटलंय कोणी? आमची लिफ्ट, आमचा पंप चालवायचाय.

निवृत्त_लाइनमन:
दोघंही अर्धं बोलताय. मोठ्या सेंटरला अतिउच्चदाबावर स्वतंत्र जोडणी असते, तुमच्या डीपीशी तिचा संबंध नाही. तुमच्या तीन रात्री गेल्या त्या केबल फॉल्टने, हे मी पैजेवर सांगतो. रस्ता कुणी खोदला होता विचारा. फायबर टाकणाऱ्यांनी! म्हणजे फिरून खापर तिकडेच, पण तुम्ही म्हणता त्या वाटेने नाही.

सर्व्हरवाले, तुमची क्रॉस सबसिडी. २६ टक्के भांडवल टाकून कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा वीज प्रकल्प दाखवला की तिचा अधिभार माफ. हे का नाही लिहिलंत?

आणि गच्चीवरच्या साध्या सौर यंत्रणेचं म्हणाल तर वीज गेली की तीही बंद पडते. पडायलाच हवी, नाहीतर तिची वीज उलटी तारेत येऊन खांबावर चढलेला माझा माणूस मरेल. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाला मुंबई-ठाणे-नवी मुंबई अंधारात गेली. कळवा-पडघ्याच्या ४०० केव्हीच्या लाइन बंद पडल्या होत्या, आठवा. त्या दिवशी भर उन्हात गच्चीवरची पॅनेल नुसती तापत होती.

ऐरोलीकर_८:
हे खरंच माहीत नव्हतं. मग बॅटरीही त्यांनीच द्यावी.

सर्व्हरवाला:
आणि एसीचं बिल?

वाशीच्या_काकू:
अहो, कुठली गच्ची आणि कुठली पॅनेल! आमच्या इमारतीचा स्लॅब गळतो, म्हणून पत्रे टाकले, तर नोटीस. पत्रे काढा म्हणे. केंद्राची सूर्यघर योजना गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार अनुदान देते. २० किलोवॉटचे ३ लाख ६० हजार. सर्वसाधारण सभेत मांडलं तर तळमजल्यावाले म्हणतात, आम्हाला लिफ्ट लागत नाही, आम्ही वर्गणी देणार नाही.

कोपरखैरणे_तळमजला:
का द्यावी? तुमच्या पत्र्यांच्या वर्गणीतही आमचे आठ हजार गेले. पावसाळ्यात त्यांचं पाणी आमच्याच खिडकीत पडतं.

वाशीच्या_काकू:
गळक्या छताखाली पातेली लावून झोपला आहात कधी? मग शिकवा.

कोपरखैरणे_तळमजला:
गटाराचं पाणी घरात घेऊन झोपलोय, काकू. तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणी विचारलं नाही.

निवृत्त_लाइनमन:
पत्र्यांवर पॅनेल बसतात. सांगाडा वाऱ्याला टिकेल असा हवा, एवढंच.

वाशीच्या_काकू:
पत्रेच बेकायदा ठरवलेत, तुमचा सांगाडा कशावर ठेवू? डोक्यावर?

गोठिवलीचा:
तुमच्याकडे भांडायला गच्ची तरी आहे. हा औद्योगिक पट्टा उभा राहिला आमच्या शेतांवर. आजोबांना मिळालेल्या मोबदल्यात आज पॅनेलची एक फ्रेम येणार नाही. घरं गरजेपोटी वाढवली, कागद अजून लटकलेत. अनुदानाला अर्ज केला तर छताचा हक्क दाखवा म्हणतात. आणि त्या सेंटरमध्ये आमच्या गावची पोरं कुठे आहेत? गेटवर, शिट्टी घेऊन. तुमच्या मागणीत सोसायट्या आल्या, शाळा आल्या. गावठाण कुठाय?

ऐरोलीकर_८:
राहून गेलं, चूक माझी.

गोठिवलीचा:
दर वेळी राहूनच जातं.

सर्व्हरवाला:
नोकऱ्यांचं तो बोलला ते खरं आहे. आमच्या पाळीत गावातला एकच जण आहे, तोही सुरक्षेत. पण पाण्यावरून ओरडायला याल त्याआधीच सांगतो, महापालिकेचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी या पट्ट्यातल्या उद्योगांना मिळतं. सगळं मोरबे धरणाचं पितात असं नाही.

ऐरोलीकर_८:
पाण्याचं नाव तुम्हीच काढलंत. दुखतंय वाटतं.

सर्व्हरवाला:
एक कबूल करतो. गावातला दवाखाना, बॅटरीसकट, हा खर्च आमच्या कंपनीला जड नाही. पण मी वर जाऊन हे बोलणार नाही. हप्ते आहेत घराचे.

निवृत्त_लाइनमन:
तुम्ही बोलू नका. वीजदराची सुनावणी लागली की वीज नियामक आयोगाकडे लेखी हरकत कुणालाही देता येते. तिथे जातो कोण? उद्योगांचे वकील आणि आमच्यासारखे दोन म्हातारे.

ऐरोलीकर_८:
रविवारी अकराला माझ्या घरी मसुदा लिहायला बसू. पहिलं नाव गावठाणाच्या दवाखान्याचं. फक्त एक विनंती, पत्र्यांचा विषय नको.

वाशीच्या_काकू:
मग मी येत नाही.

कोपरखैरणे_तळमजला:
मी येतो. मजला कितवा?