‘तुमची अपात्रता हीच तुमची पात्रता’ : हे वाक्य आता बंद करा

मागचा_बाक
काल इथे एकाने लिहिलं, की देवाच्या सेवेसाठी स्वतःला अपात्र समजणं म्हणजे नम्रतेचा बुरखा घातलेला गर्व. बायबलमधला मोशे जिभेचा जड, यिर्मया पोरगेला, गिदोन घरात सगळ्यात धाकटा, म्हणून ‘तुमची अपात्रता हीच तुमची पात्रता’. खाली आमेनांची रांग.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचे अध्याय ३ आणि ४ परत वाचा. देव कामावर पाठवतो तेव्हा मोशे विचारतो, मी कोण? देव त्याला ‘तू कर्तबगार आहेस’ म्हणत नाही, आणि ‘तू कुचकामी आहेस म्हणूनच निवडला’ असंही म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच. अपात्रतेला तिथे काही गुण मिळालेले नाहीत.

आणि शौल का विसरता? राजा म्हणून निवड झाल्यावर तो सामानसुमानात लपून बसला होता (१ शमुवेल १०). केवढी नम्रता! पुढे देवानेच त्याला राजा म्हणून नाकारलं. गिदोनचे ३२,००० सैनिकांचे ३०० झाले हे प्रत्येक उपदेशात येतं, शास्ते ८ मधलं त्याने बनवलेलं सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) मात्र कुणाला आठवत नाही. सगळं इस्राएल त्या एफोदाच्या पूजेच्या नादी लागलं.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाला चार माणसांसमोर उभं राहिलं की घाम फुटायचा. मंडळीने (चर्चने) त्याला व्यासपीठावर ढकललं, ‘आत्मा बोलेल, तू फक्त तोंड उघड’ म्हणून. आता तो उपासनेलाच येत नाही. आजारी माणसाजवळ तासन् तास बसायचं दान होतं त्याच्याकडे. ते कुणाला दिसलं नाही, कारण ते व्यासपीठावरून दिसत नाही.

मोहरी
निर्गम ४ वाचा म्हणता आणि स्वतः चौदाव्या वचनाच्या अलीकडे थांबता. मोशे ‘दुसऱ्या कुणाला तरी पाठव’ म्हणाला तेव्हा देवाचा राग भडकला. तोवरच्या चार सबबींना देवाने शांतपणे उत्तरं दिली होती, पाचवीला नाही. म्हणजे कुठेतरी नम्रता संपते आणि टाळाटाळ सुरू होते. मूळ पोस्ट आगाऊ होती, पण खोटी नव्हती.

स्कॉटलंडचा धर्मसुधारक जॉन नॉक्स याला १५४७ मध्ये तिथल्या सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात भर उपासनेत उपदेशक होण्याचं पाचारण केलं, तेव्हा तो रडत खोलीत निघून गेला. तुमचा सल्ला ऐकला असता तर खोलीतच राहिला असता.

मी स्वतः शब्बाथशाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) घ्यायला किती तरी वेळा नाही म्हटलं होतं. शेवटी भीतभीतच उभी राहिले. त्या वर्गातला एक मुलगा आज पाळक (चर्चचा धर्मगुरू) आहे.

मागचा_बाक
नॉक्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. किल्ल्यात तो आधीपासून मुलांना योहानाचं शुभवर्तमान शिकवत होता. लोकांनी ते ऐकलं होतं, म्हणून बोलावलं. तो रडला म्हणून नाही.

आणि १ तीमथ्य ३ मध्ये मंडळीचा अध्यक्ष ‘शिकवण्यात निपुण’ असावा असं प्रेषित पौल लिहितो. अपात्रता हीच पात्रता असती तर त्याने एवढी यादी कशाला दिली असती?

पाळकाच्या_घरातली
मोशे झाला, नॉक्स झाला. पाळकाच्या बायकोच्या पाचारणाचं काय? माझ्या नवऱ्याला पाळकपदाच्या दीक्षेआधी मुलाखत, परीक्षा, वडीलजनांचे प्रश्न. मला एकही प्रश्न नाही. लग्न झालं आणि भगिनी मंडळ, शब्बाथशाळा, गायनमंडळ, येणाऱ्याजाणाऱ्यांचं जेवणखाण, सगळं आपोआप माझं. मला चारचौघांत प्रार्थना चालवता येत नाही म्हटलं, तर ‘बाईंचा विश्वास कमी पडतो’.

थोमा
ताई, लग्न करताना माहीत नव्हतं का?

पाळकाच्या_घरातली
दादा, डॉक्टरच्या बायकोला कुणी ऑपरेशन करायला उभं करतं का? मी लग्न माणसाशी केलं, मंडळीशी नाही.

मोहरी
थोमा, शोभतं का हे? प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये प्रिस्किल्लाने अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन समजावलं. ते तिला येत होतं म्हणून. अक्विलाची बायको या नात्याने ते काम गळ्यात पडलं नव्हतं.

थोमा
तिने त्याचा मोबदलाही मागितला नव्हता.

पाळकाच्या_घरातली
मोबदला कुणी मागितला? मी ‘नाही’ म्हणायची मुभा मागितली. आणि तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगते. प्रिस्किल्लाचा तंबूंचा धंदा होता, त्याच अध्यायात आहे. मला नोकरी धरायची होती तर ‘पाळकीणबाईंनी घर सांभाळावं’ असा निरोप आला. सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हे १ करिंथ ९:१४. ते नवऱ्याच्या नावापुरतं, आणि काम मात्र दोघांचं!

थोमा
बरं, हे चुकीचं आहे, मान्य. आता मलाही रडत खोलीत जाऊ द्या.

मागचा_बाक
धागा माझा होता, विसरलात का सगळे?

मोहरी
ताईंचं म्हणणं तुमच्या म्हणण्यापेक्षा पक्कं आहे, म्हणून राग येतोय तुम्हाला. तुमच्या त्या तरुणाचं आणि यांचं दुखणं एकच. माणूस न बघता काम लादलं.

मागचा_बाक
हेच तर मी सकाळपासून लिहितोय! पण ठीक आहे, तुम्ही म्हटल्यावर खरं झालं.

नवा_विद्यार्थी
मी धर्मशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज वाटतं, हे आपलं काम नाही. तुमच्या भांडणातून मी काय घ्यावं?

मोहरी
२ करिंथ २:१६ मध्ये पौल विचारतो, ‘या कामाला कोण लायक?’ उत्तर पुढच्या अध्यायात आहे, आमची लायकी देवाकडून आहे. भीती वाटते म्हणून सोडू नकोस.

मागचा_बाक
आणि भीती वाटते म्हणून धरूनही बसू नकोस. ज्यांनी तुला शिकवताना, घरभेटीला जाताना पाहिलंय त्यांना विचार. स्तुती करणाऱ्या मावशी-काकांना नको, तुझ्या चुका काढणाऱ्यांना. ते ‘जा’ म्हणाले तर जा, मग कितीही पाय कापोत.

थोमा
चुका काढणारा हवा असेल तर मी मोकळाच आहे.

पाळकाच्या_घरातली
विद्यार्थ्या, लग्न ठरलं असेल तर तिलाही विचार. दीक्षेआधी.

नवा_विद्यार्थी
ठरलंय. तिने धागा वाचला. ‘मला गाता येत नाही, हे मंडळीला आत्ताच लेखी कळव’ म्हणाली.