पावसाच्या पाइपाचा व्यास किती घ्यावा? गच्ची, पत्रा, पन्हळ – आपापले अनुभव लिहा

मंडळी, आमच्या गोरेगावच्या सोसायटीत यंदा गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालंय. जुना कोबा काढणार, त्याबरोबर गच्चीवरून खाली येणारे डाउनटेक पाइपही बदलायचे आहेत. कोटेशनं आली. कोब्याचा दर, केमिकलची वॉरंटी, परांचीचं भाडं, सगळं बारकाईने लिहिलंय. पाइपांपुढे मात्र नुसतं 'पावसाचे पाइप बदलणे'. व्यास किती, नग किती, कुठून कुठे, काही नाही. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, आहे तोच साइझ टाकतो ना." आहे तो ७५ मिमी व्यासाचा आहे, आणि जोराच्या सरीत आमच्या गच्चीत घोटाभर पाणी उभं राहतं.

माझं म्हणणं असं की हा आकडा सवयीने ठरू नये, छपराच्या मापाने आणि पावसाच्या जोराने ठरावा. १ चौ.मी. जागेवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. एवढं धरून चाललं तरी बरंच कळतं. तुमचं छप्पर केवढं, पाइप कोणता, सर आली तेव्हा काय झालं आणि मग काय बदललंत, ते लिहा. बैठं घर, चाळ, बंगला, टॉवर, सगळं चालेल.

मुलुंडकर

आमचं रो-हाउस. आधीच्या मालकांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली, ३० बाय २० फूट, सगळा उतार एकाच बाजूला. म्हणजे साधारण ५६ चौ.मी. हे सगळं पाणी एका लांबलचक पन्हळीत, आणि पन्हळीच्या एका टोकाला एकच ७५ चा पाइप. रिपरिप पाऊस असला की काही जाणवायचं नाही. जुलैतली ती काळी सर आली की पन्हळ मधूनच भरून वाहायची, आणि धार थेट शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. पाइप चोंदला असेल म्हणून दर वर्षी माणूस वर चढवला जायचा. शेवटी भर पावसात शिडी लावून मीच बघितलं. तोंड स्वच्छ होतं. पाणी गोल गोल फिरत आत जात होतं, वरून खळखळ हवा ओढल्याचा आवाज येत होता, आणि तरीही पन्हळीतली पातळी माझ्या डोळ्यांदेखत चढत होती. येणारं जास्त, जाणारं कमी, बस.

मग पन्हळ मध्यावर उंच घेऊन दोन्ही टोकांना उतार दिला आणि दोन्ही टोकांना ११० चे पाइप लावले. पन्हळही रुंद करून घेतली. आता काकू पावसात खिडकी उघडी ठेवतात.

दादरचा निवृत्त अभियंता

मुलुंडकर, तुम्ही जे केलंत ते कोष्टकाशी अगदी जुळतं. नॅशनल बिल्डिंग कोडमधलं हे कोष्टक प्रत्येक सोसायटीच्या फाइलला लावून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर ७५ मिमीचा पाइप २०.४ चौ.मी. छप्पर सांभाळतो, १०० चा ४२.७ आणि १२५ चा ८०.५. तासाला १५० मिमी धरलात की हेच आकडे १३.६, २८.५ आणि ५३.५ वर येतात. १५० मिमीचा पाइप तेव्हा ८३.६ चौ.मी. घेतो. तुमचे ५६ चौ.मी. म्हणजे १०० चे (बाजारातले ११० चे) दोन पाइप, बरोबर. एकट्या ७५ च्या वाट्याला चौपट छप्पर आलं होतं.

आता १०० धरायचा की १५०? लोक इथे दिवसाचा पाऊस बघतात आणि फसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. त्याला २४ ने भागा, तासाला ४० सुद्धा येत नाही. पण तो तसा पडला का? बहुतेक सगळा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीही नव्हता. म्हणजे आपल्याकडे पाऊस एका जागी, थोड्या वेळात, प्रचंड जोराने पडतो. पाइपाला दिवसाशी घेणंदेणं नाही, त्या दहा-पंधरा मिनिटांशी आहे. मी मुंबईत घरासाठी १५० खाली कधीच धरत नाही. रस्त्याखालच्या नाल्यांचा आकडा इथे आणू नका. जुने नाले तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेले, ब्रिमस्टोवॅडमध्ये, म्हणजे महापालिकेच्या नाले सुधारण्याच्या योजनेत, तो ५० केला. नाला तुंबला तर रस्ता भरेल. गच्चीचा पाइप अपुरा पडला तर पाणी वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये शिरेल.

आणखी एक. उभा पाइप काठोकाठ भरून वाहत नाही. बेसिनच्या भोकात जसं पाणी कडेने फिरत उतरतं आणि मधे हवा राहते, तसंच इथेही. त्यामुळे खरी अडचण बहुधा वरच्या तोंडाशी असते. गच्चीत पाइपाच्या तोंडाभोवती खोलगट भाग करून तोंड नरसाळ्यासारखं पसरट घेतलंत तर तोच पाइप जास्त पाणी ओढतो. गच्चीचा उतार मीटरला १ सेंमी तरी हवा.

गिरगाव, चाळीतून

आमच्याकडे मूळचे चार इंची बिडाचे पाइप होते. सांध्यांतून पिंपळ फुटले, भिंत ओली राहू लागली, म्हणून दुरुस्तीत पीव्हीसी आले. कंत्राटदाराने वर तोंडाशी चार इंच ठेवून खाली ७५ चा पाइप जोडला, मधे रिड्यूसर. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या गॅलरीत पाणी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी टेप लावून पाइपाचा घेर मोजला, ३.१४ ने भागला आणि सभेत आकडा वाचून दाखवला. पाइप बदलून मिळाले. करारात व्यास लिहून घ्या, एवढं सांगायला आलो.

चेंबूर, सर्वात वरचा मजला

मला पाइपापेक्षा जाळीबद्दल लिहायचंय, कारण माझ्या छतावरचं सगळं दुखणं जाळीचं होतं.

आमच्या गल्लीत सोनमोहरांची रांग आहे. दिसायला सुंदर, पण त्याची बारीक पानं आणि पिवळ्या पाकळ्या मे महिन्यापासून गच्चीवर गळतात, कोपऱ्यात वाऱ्याने गोळा होतात. पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो. आमच्या पाइपांना सपाट, बारीक भोकांची स्टीलची जाळी होती. तो लगदा जाळीवर असा घट्ट बसायचा की बोटांनी खरवडून काढावा लागे. खाली पाइप ११० चा, आणि पाणी जायला वाट रुपयाच्या नाण्याएवढी. त्यात कबुतरांची पिसं, पतंगाचा मांजा, दुधाची पिशवी. एवढा मोठा पाइप घालून उपयोग काय झाला?

आता घुमटी जाळ्या बसवल्यात. कचरा खाली कडेला अडकतो, पाणी वरच्या भोकांतून जात राहतं. शिवाय कठड्यात तयार फरशीपासून थोडं वर एक आडवं भोक पाडून छोटी नळी बाहेर काढलीय. सगळे पाइप चोंदले तरी पाणी त्या पातळीच्या वर फार चढत नाही, आणि खालून धार दिसली की वॉचमनदादा लगेच फोन करतात. हे भोक कृपया प्रत्येकाने ठेवा. १० सेंमी पाणी साचलं तर दर चौ.मी. वर १०० किलो वजन पडतं, आणि आमची इमारत जुनी आहे.

वेसाव्याहून

इकडे घरं भिंतीला भिंत. दोन घरांची छपरं मधल्या एकाच पन्हळीत उतरतात. मोजताना दोघांचं छप्पर मोजा, आपलंच नाही. आमच्याकडे शेजाऱ्यांनी वर एक मजला चढवला, त्यांच्या भिंतीवर आपटलेला पाऊसही आमच्याच पत्र्यावर यायला लागला. ७५ चा पाइप पुरेना. दोघांनी निम्मा निम्मा खर्च करून ११० चा घातला, भांडण मिटलं.

दादरचा निवृत्त अभियंता

वेसावेकरांचा मुद्दा फार मोलाचा. छपराला लागून उंच भिंत असेल तर तिच्या क्षेत्रफळाचा निम्मा भाग छपरात मिळवायचा. आपला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, त्यामुळे लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, शेजारचा मजला, सगळं धरा.

पार्लेकर

अमेरिकेतल्या पुतण्याने उतरत्या छपरासाठी तयार गटर-पाइपचा संच सुचवला. तिकडचा ठोकताळा असा, की छपराच्या दर १०० चौ. फुटांना पाइपाचं तोंड १ चौ. इंच. म्हणजे २ बाय ३ इंची चौकोनी पाइप ६०० चौ. फुटांना पुरतो. आमच्या कौलांची एक बाजू ३४० चौ. फूट, तेव्हा एक पाइप भरपूर, असं त्याचं गणित.

वरचं कोष्टक वाचून मी ताडून पाहिलं. ६ चौ. इंच म्हणजे जेमतेम ७० मिमीचा गोल पाइप. १५० मिमी पावसाला ७५ चा पाइपही फक्त १३.६ चौ.मी. घेतो, म्हणजे दीडशे चौ. फुटांच्या आतच. चौपट फरक! तिकडचा ठोकताळा तिकडच्या पावसासाठी ठीक असेल. मी आता प्रत्येक बाजूला ११० चे दोन पाइप सांगितलेत. घराचा रंग आणि पाइपाचा रंग जुळेल की नाही हा वाद घरात चालू आहे, पण व्यासावर एकमत आहे.

भांडुपचा प्लंबर

मी हीच कामं करतो म्हणून लिहितो. बाजारात ७५, ११०, १६० सहज मिळतात. हे माप बाहेरचं असतं. ११० आतून १०० च्या वर भरतो, म्हणून कोष्टकातला १०० म्हणजे ११० घ्या. पण ७५ आतून ७० च्या थोडाच वर असतो, म्हणजे कोष्टकातल्या ७५ एवढाही नाही. पावसाला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या) पाइपातला टाइप ए चालतो. मैल्याला टाइप बी लागतो, त्याची भिंत जाड.

खाली एकदम काटकोनात वळवू नका. ४५ अंशांचे दोन बेंड लावा. साफ करायला झाकणवाला डोअर बेंड ठेवा, नाहीतर चोंदल्यावर पाइप कापावा लागतो. आडवा तुकडा जेवढा लांब तेवढा त्रास. आणि कोणीही सांगितलं तरी पावसाचा पाइप मैल्याच्या चेंबरमध्ये सोडू नका. दर पावसाळ्यात तळमजल्याच्या संडासातून पाणी वर आलं म्हणून बोलावणी येतात, तिथे निम्म्या वेळी हेच निघतं.

हिंदमातेजवळून, तळमजला

आमचे पाइप ११० चे, उतार छान, जाळ्या साफ. तरी बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीतून, पाणी उसळलं. कारण नंतर कळलं. बाल्कनीची मोरी त्याच डाउनटेकला जोडलेली, आणि डाउनटेकचं खालचं टोक चेंबरमध्ये सिमेंटने बंद. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की रस्त्याखालची लाइन भरते, चेंबर भरतो, वरून पाणी येतच राहतं आणि पाइपात चढत जाऊन पहिली वाट सापडते तिथून बाहेर पडतं. ती वाट म्हणजे आमची बाल्कनी. आता बाल्कन्यांचा पाइप वेगळा केलाय आणि गच्चीच्या पाइपाचं टोक जमिनीच्या वर उघडं ठेवून खाली जाळीची चारी केलीय. लाइन भरली तर पाणी अंगणात पसरतं, घरात येत नाही.

धागाकर्ती, गोरेगाव

सगळ्यांचे खूप आभार. काल टेप घेऊन गच्ची मोजली. २२० चौ.मी., शिवाय लिफ्टच्या खोलीची पश्चिमेची भिंत १५ चौ.मी., तिचे निम्मे साडेसात. एकूण २२७.५. १५० मिमीला ११० चे आठ पाइप लागतात. सध्या ७५ चे सहा आहेत, म्हणजे सगळे मिळून ८२ चौ.मी. सुद्धा नाही. १६० चे तीन घालून भागेल का, असं एका सदस्यांनी विचारलं. आकड्यात बसतं, पण त्यातला एक चोंदला तर गच्चीचा तिसरा हिस्सा अडकतो. आठातला एक चोंदला तर आठवा. म्हणून आठच मागणार आहे.

कोटेशनमध्ये आता ११० चे आठ नग, घुमटी जाळ्या, तोंडाशी खोलगट भाग, कठड्यात जादा पाणी जायला दोन भोकं आणि खाली डोअर बेंड, असं एकेक लिहून पाठवलंय. बाल्कन्यांच्या मोऱ्या आमच्याही डाउनटेकलाच आहेत, हे आज खाली जाऊन बघितल्यावर कळलं. हिंदमातेवाले, बाल्कन्यांचा वेगळा पाइप कुठून नेलात आणि कितीचा घेतलात, तेवढं लिहाल का? सभा रविवारी आहे.