तजवीज केली म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडला का?

धायरीची_आई
नमस्कार. ह्यांची नोकरी गेल्या महिन्यात गेली. वय ४८. हिंजवडीतल्या कंपनीने अख्खी टीमच बंद केली. फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगी दहावी झाली, अकरावीच्या यादीची वाट बघतोय. सासूबाई संध्याकाळी स्वामींच्या फोटोपुढे माळ घेऊन बसतात आणि म्हणतात, "ते आहेत ना पाठीशी, कशाला जीव जाळतेस?" श्रद्धा माझीही आहे. पण रात्री अडीच-तीनला जाग येते आणि हिशेब सुरू होतो. दुधाच्या कार्डामागेसुद्धा आकडेमोड करून ठेवली आहे. परवा एफडीच्या पावत्या काढून बसले होते, तर त्या म्हणाल्या, "एवढी तजवीज करतेस, म्हणजे विश्वास नाही का तुझा?" ते फार लागलं. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? काळजी करायचीच नाही का?

पर्वती_पायथा
ताई, एक सांगते. अशा वेळी ग्रहशांती आणि खर्चिक विधी सुचवणारे खूप भेटतात. त्यात पैसे घालू नका. घरच्या देवापुढे रोजचा दिवा पुरतो.

नानापेठ_काका
ताई, मी वारीतला माणूस. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा आमच्या भागात पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी ओसरीवर वारकऱ्यांना चहा दिला, निवृत्त झाल्यापासून चालतो.

माउलींवर भार टाकून निघालेली दिंडी कशी निघते ते बघा. प्रत्येकाची भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, आधीच जमा झालेली असते. तंबू, भांडी, पिठाची पोती घेऊन ट्रक पुढच्या मुक्कामाला रवाना होतो. पाण्याचा टँकर ठरलेला असतो. प्रत्येकाच्या पिशवीत प्लास्टिकचा कागद असतो, कारण दिवे घाटात पाऊस कधी गाठेल त्याचा नेम नाही. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माउलींचा रथ आहे, आपोआप चढेल, असं कुणी म्हणत नाही. ह्या सोहळ्याला शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी. त्यांच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेईल का? तेव्हा तजवीज म्हणजे अविश्वास, हे डोक्यातून काढून टाका.

भरवसा लागतो तो ट्रक निघून गेल्यावर. तो पोचला असेल का, तंबू लागला असेल का, ह्याचा घोर चालताना करत बसलं की भजनही जातं आणि पायही लवकर भरून येतात. ट्रक पाठवला, आता चालायचं. तुमचा रात्री अडीचचा हिशेब म्हणजे गेलेल्या ट्रकमागे पळणं आहे. दिवसा केलेली तजवीज रात्री उपसायची नाही, तेवढा वेळ त्याच्या हवाली करायचा. हे सहज जमत नाही हे मला माहीत आहे. आमच्या घरी आजारपण होतं तेव्हा मी दवाखान्याची फाइल रात्री देवघरात समईशेजारी ठेवायचो आणि सकाळी अंघोळीनंतरच उचलायचो. तुमची हिशेबाची वही तशी ठेवून बघा.

आणि सासूबाईंच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. मुलगा त्यांचा आहे. माळेत त्यांचाही घोर असणारच.

कर्वेनगर_२१
काका, तुमचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण २०२१ मध्ये माझा मोठा भाऊ गेला. इकडे घरात पारायण चालू होतं आणि तिकडे मी व्हेंटिलेटरच्या बेडसाठी फोन करत होतो. तेव्हापासून "देव जे करतो ते बऱ्यासाठी" हे मला ऐकवत नाही. ताई, नोकरी मिळेलच असं कुणी देवाच्या नावावर सांगितलं तर धरून चालू नका.

नानापेठ_काका
बाबा, तुझ्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. ते बऱ्यासाठी झालं असं मी तुला कधीच म्हणणार नाही. तुकोबांकडे बघ. १६३०च्या दुष्काळात धंदा बसला, घरातली बायको आणि मुलगा अन्नावाचून गेले. ते काही परत मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, म्हणजे वसूल होण्यासारखं होतं तेही सोडलं. विठोबाशी ते भांडले, त्याला खडसावलं, पण त्याचं दार सोडलं नाही. मला एवढाच भरवसा कळतो. नोकरीची हमी त्यात नाही, ताई. सोबत आहे.

सातारारोड_हिशेबनीस
तजवीज करताच आहात तर ही कामं आधी उरका. हप्ता थकायची वाट न बघता बँकेत जाऊन बोला. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीएमध्ये, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत जातं, मग बोलणं अवघड होतं. सलग ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, वर्षाला १५ दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने. ती आली का ते बघा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. तीच पॉलिसी वैयक्तिक करून मिळते का, हे विमा कंपनीला आजच विचारा. घरात वयस्कर माणूस आहे.

धायरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. कर्वेनगरच्या दादांचं वाचून डोळे भरून आले. दादा, तुमचं म्हणणं लक्षात ठेवीन.

ग्रॅच्युइटी अजून आलेली नाही, ह्यांनी आजच मेल केला. सोमवारी दोघं बँकेत जातोय. काल वही देवघरात ठेवली, तर सासूबाईंनी विचारलं हे काय. सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण सकाळी बघते तर वहीवर तुळशीचं पान. झोप पूर्ण लागली असं नाही म्हणणार. जाग आली तेव्हा उठून आकडे मात्र नाही काढले.

काका, ह्यांना दिवे घाटाच्या दिवशी तुमच्याबरोबर चालायचं आहे. महिनाभर घराबाहेर पडलेले नाहीत. चालेल का?

नानापेठ_काका
चालेल म्हणजे काय, पाठवाच. पहाटे पाचला पूलगेटपाशी. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तिथे चुकामूक होते म्हणून माझ्याजवळच राहायला सांगा. नवे बूट नकोत. जेवण दिंडीत आहे, परतायला सासवडहून एसटी मिळेल.